निकाल मराठीत सांगणाऱ्या तांबे मॅडम

तांबे मॅडमची आठवण आली की मला आधी त्यांच्या उजव्या हाताचं बोट दिसतं. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यांना जोडलेल्या रक्ताच्या नळ्या बाजूच्या मशीनपर्यंत गेलेल्या, आणि तो हात उशीवर अगदी निपचित ठेवलेला. उजव्या हाताचं बोट मात्र चादरीवर सारखं काहीतरी लिहितंय. वळणं, टिंबं, आडव्या रेघा. समोरच्या टीव्हीत कुणी परदेशी गृहस्थ केकचा घास तोंडात घोळवत बोलतायत. ते थांबले की बोटही थांबायचं.

मी एकदा विचारलं तेव्हा त्या हसल्या. "स्टेनो होते गं मी. कोर्टात. साहेब बोलायला लागले की हात आपोआप चालायला लागतो. आता पेन नाही, कागद नाही, रिटायर होऊन किती वर्षं झाली. पण हाताला कोण सांगणार?"

बोरिवलीतल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमधली ही ओळख. माझा धाकटा भाऊ सतीश इलेक्ट्रिशियन. बायको नाही, मूल नाही, कांदिवलीला माझ्याच घरी राहायचा. चाळिशीही गाठली नव्हती आणि दोन्ही किडन्या गेल्या. मग एक दिवसाआड दुपारी सेंटर. सुया टोचल्या की चार तास पडून राहायचं. मी त्याला सोडायला जायचे आणि तिथेच थांबायचे. नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं असा नियम होता, पण दुपारच्या पाळीची टेक्निशियन प्रिया भल्या मनाची होती. "कोपऱ्यात स्टूल घेऊन बसा ताई, मधे मधे येऊ नका," म्हणायची.

सतीश पहिले कितीतरी दिवस डोळ्यांवर रुमाल टाकून भिंतीकडे तोंड करून पडायचा. कुणाशी बोलायचा नाही. शेजारच्या बेडवर तांबे मॅडम. साठी ओलांडलेल्या, हडकुळ्या, पांढरे केस चापूनचोपून बांधलेले, कपाळाला बारीक टिकली. अंगावर कायम कॉटनची साडी. बाकी सगळ्या बायका गाऊनमध्ये यायच्या. "ड्युटीवर आल्यासारखं वाटतं," म्हणायच्या.

टीव्ही एकच आणि रिमोटही एकच. बातम्या, सिरियल आणि क्रिकेट यांवरून रोज भांडणं व्हायची. शेवटी असं ठरलं की पाळीतला जो सगळ्यांत जुना पेशंट, रिमोट त्याचा. दुपारच्या पाळीत सगळ्यांत जुन्या तांबे मॅडम. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि लावली ती केक करायची स्पर्धा. एक मोठा हॉल, त्यात दहा-बारा माणसं आपापल्या टेबलापाशी पीठ फेटतायत, ओव्हनसमोर गुडघ्यांवर बसून काचेतून आत बघतायत. दोन परीक्षक. शेवटी एकाला घरी पाठवायचं.

पहिली तक्रार शहाकाकांची. कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसलेले, गोरेपान, गोलमटोल. "तांबेबेन, आ काय लावलं तुम्ही? आपल्याला केळं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद. डाळसुद्धा मोजून. आणि समोर चॉकलेट केक? जखमेवर मीठ, तेपण आपल्याला बंदच!"

सगळे हसले. तांबे मॅडम म्हणाल्या, "काका, खायला बंदी आहे. बघायला डॉक्टरांनी कुठे मना केलंय?"

आठवडाभरात शहाकाका त्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त गुंतले. एका जाड्या मिशीवाल्या स्पर्धकाला ते 'आपला माणस' म्हणायचे. सगळी चर्चा इंग्रजीत, ती मॅडम मराठीत करून सांगायच्या. कोर्टात ऐकून ऐकून त्यांचं इंग्रजी पक्कं झालं होतं. "साहेब म्हणतायत, दिसायला सुंदर आहे, पण आतून कच्चा राहिलाय." "मॅडम म्हणतायत, लिंबू जास्त झालंय, पण धीर सोडू नकोस." परीक्षकांना त्या साहेब आणि मॅडमच म्हणायच्या. ओव्हनसमोर बसलेल्या माणसांकडे बघून एकदा म्हणाल्या, "आमच्या कोर्टाच्या पॅसेजमध्ये लोक असेच बसायचे. आत काय चाललंय ते दिसतंय, पण हातात काहीच नाही."

एका दुपारचं मला कधीच विसरता येणार नाही. त्या मिशीवाल्याचा केक फसत आला होता. घामाने डबडबलेला. त्याने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा सगळी संपवली. कुणी केककडे बघत नव्हतं. दिवसभरात मोजून दोन-तीन पेले पाणी मिळणारी ती माणसं, जिभेवर बर्फाचा खडा ठेवून तहान मारणारी, त्याच्या वरखाली होणाऱ्या गळ्याकडे बघत राहिली. सतीशनेही डोळ्यांवरचा रुमाल काढला होता.

"काय प्यायला रे!" शहाकाका हळूच म्हणाले.

"थंड होतं बहुतेक," सतीश म्हणाला. वॉर्डात त्याने काढलेला तो पहिला शब्द.

तांबे मॅडमनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "बाटलीवर दव धरलं होतं बघ. फ्रीजमधलंच." एवढंच बोलल्या. पुढच्या वेळेपासून सतीश रुमाल खिशातच ठेवू लागला.

मला वाटायचं, बाईंना केक करायची हौस असणार. विचारलं तर म्हणाल्या, "छे गं! घरी ओव्हनसुद्धा नाही. चारकोपचं आमचं घर केवढं, त्यात ओव्हन ठेवू कुठे? मला निकाल बघायला आवडतो."

मला काही समजलं नाही. त्यांनी आवाज बारीक केला, रिमोट पोटावर ठेवला.

"आयुष्यभर निकाल लिहून घेतले मी. साहेब वाचायचे, इंग्रजीत. वाचून झालं की आत निघून जायचे. ती पद्धतच आहे, त्यांचं काही चुकलं असं नाही. पण एकदा काय झालं, एका पोराला जन्मठेप झाली. त्याची आई आली होती, आमच्या चिपळूणकडचीच असावी, बोलण्यावरून वाटली. तिला काही कळलंच नाही. पोराला पोलीस घेऊन गेले. मी कागद घेऊन बाहेर पडले तर पॅसेजमध्ये तिने माझा पदर धरला. 'बाय, काय झाला गो? सोडल्यानी काय?' वकील कुठे गायब झाला होता देव जाणे. आता काय करणार? मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. मराठीत. सगळं."

"मग?"

"मग काय. रडली. मग माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, 'बरा झाला तू सांगितलंस.' त्यानंतर मला सवयच लागली. निकाल लागला की पॅसेजमध्ये चक्कर मारायची. कुणी गोंधळलेलं दिसलं की सांगायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कामात बसतही नव्हतं. पण कुणीतरी सांगायला पाहिजे ना गं?"

मग टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या, "हे बघ. हे साहेब आधी स्वतः खाऊन बघतात. मग त्या माणसाच्या समोर उभं राहून, डोळ्यांत बघून सांगतात, तुझं हे चुकलं. ज्याला घरी पाठवायचं त्याचं नाव घेतात. बाकीचे त्याला जवळ घेतात, रडतात. मग तो जातो. असा निकाल मी कोर्टात कधी बघितला नाही."

त्यांचे यजमान, तांबेकाका, त्यांना घ्यायला-सोडायला यायचे. अतिशय अबोल. चार तास खाली झाडाखालच्या कट्ट्यावर बसून राहायचे. वर या म्हटलं तर "नको, रक्त बघवत नाही" म्हणायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं.

पावसाळा सरता सरता एक दिवस शहाकाकांच्या बेडवर दुसराच माणूस दिसला. तरुण, घाबरलेला, पहिलाच दिवस. सतीशने प्रियाला विचारलं, "काका कुठेत?"

"शिफ्ट झाले," प्रिया म्हणाली आणि मशीनची बटणं दाबायला लागली.

सेंटरमध्ये हा शब्द सगळ्यांना माहीत होता. कुणी सकाळच्या पाळीत शिफ्ट व्हायचं, कुणी घराजवळच्या सेंटरला, आणि कुणी कायमचं. तिन्हींसाठी एकच शब्द. ऐकला की लोक पुढे काही विचारायचे नाहीत. छताकडे बघत पडायचे आणि मनात जे यायचं ते यायचं.

तांबे मॅडमनी टीव्ही बंद केला. "प्रिया, इकडे ये. कुठे शिफ्ट झाले?"

"मॅडम, प्लीज. आम्हाला सांगायला मनाई आहे. पेशंट घाबरतात."

"मग आत्ता काय, हसतायत का सगळे?"

प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं पुरेसं होतं. मॅडमनी उशीला टेकून जरा उठून बसायचा प्रयत्न केला आणि कोर्टात पुकारा करावा तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आपले शहाकाका गेले. परवापर्यंत आपल्यात होते. त्यांचा तो मिशीवाला अजून स्पर्धेत आहे."

कोपऱ्यातल्या बेडवरच्या एक आजी हुंदके देऊन रडायला लागल्या. नवीन आलेला मुलगा आपण कुणाच्या जागेवर झोपलोय ते कळून पांढरा पडला. मॅडम त्याला म्हणाल्या, "तू घाबरू नकोस. काका चांगला माणूस होता. चांगल्या माणसाची जागा मिळालीय तुला." मग कुणीतरी म्हणालं की काका रोज डब्यात थेपले आणायचे आणि सगळ्यांना वाटून टाकायचे, स्वतः फक्त वास घ्यायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्यांनी ते नव्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आजींच्या मुलाने तक्रार केली. पुढच्या पाळीला सेंटरचे डॉक्टर मॅडमच्या बेडपाशी येऊन उभे राहिले. तरुण होते, बोलणं मृदू. "ताई, तुमचा हेतू चांगला असेल. पण इथल्या लोकांचं मन सांभाळायचं असतं. एकाचं ऐकून दुसऱ्याने धीर सोडला तर जबाबदारी कुणाची?"

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पण डॉक्टर, मी गेले तर माझ्याबद्दलही 'शिफ्ट झाल्या' असंच सांगणार ना? मला ते नकोय. एवढं तरी मागू शकते ना मी?"

डॉक्टर त्यांचं ब्लडप्रेशर बघून पुढच्या बेडकडे गेले.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला घरी कळलं. त्यानंतरच्या पाळीला सतीश उठेना. "मी नाही येणार," म्हणाला. समजावलं, रागावले, रडले. काही उपयोग नाही. "काकांचं सांगितलं, उद्या माझं सांगतील. सुया टोचून घेऊन काय करू? वाट लागलीच आहे माझी, अजून किती दिवस लावायची?" सलग दोन पाळ्या चुकल्या. चेहरा सुजला, पायऱ्या चढला की धाप लागायला लागली. मी हात जोडले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी मी तांबे मॅडमना फोन केला. रागातच केला. "तुमच्यामुळे झालंय हे," म्हणाले.

त्यांनी पलीकडून फक्त पत्ता विचारला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तांबे मॅडम आणि मागे तांबेकाका. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसरा मजला. मॅडमचा श्वास मावत नव्हता, ओठ निळसर झाले होते. काकांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

"सतीश, तुझी ताई म्हणते माझ्यामुळे झालं. खरं असेल. मी सांगायला नको होतं असं तुला वाटतं का?"

तो भिंतीकडेच बघत होता. म्हणाला, "माहीत नाही."

"मलापण माहीत नाही रे. मला वाटलं, त्या माणसाचं नाव घ्यावं. तुला त्याचा असा त्रास होईल हे डोक्यातच आलं नाही. चुकलं असेल माझं." थोडं थांबून म्हणाल्या, "पण एक सांगते. मलाही प्रत्येक वेळी वाटतं, आज नको जायला. सुई घुसते ना, तेव्हा रोज वाटतं. इतकी वर्षं झाली तरी वाटतं."

सतीशने पहिल्यांदा मान वळवली. "तुम्हालापण?"

"मग काय, मी काय लोखंडाची आहे? उद्या जाऊ, एवढंच ठरवते मी. परवाचं परवा. तू उद्याचं बघ. नाही आलास तर मी परत इथे येणार नाही, या जिन्याने माझा जीव घेतला." मग जरा हसून, "आणि तो मिशीवाला शेवटच्या चारांत आलाय. काका नाहीत, आता त्याची बाजू कोण घेणार? मला तर तो अजिबात आवडत नाही."

सतीश दुसऱ्या दिवशी गेला. सुजलेल्या चेहऱ्याने, माझ्या खांद्यावर भार टाकून. मिशीवाल्याची बाजू त्याने घेतली आणि तो हरला तेव्हा मॅडमशी कडाकडा भांडला. "तुमच्या साहेबांना चव नाही!" मॅडम समाधानाने ऐकत राहिल्या.

पुढेही माणसं जात राहिली. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. मॅडम मात्र आता आधी प्रत्येकाला विचारायच्या, "अमक्याचं सांगायचं आहे, ऐकायचं का तुम्हाला?" कुणी नको म्हटलं तर त्याच्या कानाला प्रिया हेडफोन लावून द्यायची. सतीशने एकदाही हेडफोन मागितला नाही.

वर्षभराने मॅडमचीच तब्येत उतरायला लागली. हृदय थकलं. सुया टोचायची हातातली नस बंद पडली, मग मानेत नळी घातली. डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं. टीव्हीवरचं दिसेनासं झालं तेव्हा सतीश शेजारच्या बेडवरून सांगायचा, "मॅडम, आता तो क्रीम लावतोय. मधून वाकडा झालाय केक. आता सरकतोय, सरकतोय… गेला!" त्या डोळे मिटून ऐकायच्या. बोट हलायचं, पण फार सावकाश.

दिवाळीनंतर त्यांनी यायचं थांबवलं. डॉक्टरांशी, तांबेकाकांशी नीट बोलून, विचार करून ठरवलं. "मशीन आता मला झेपत नाही," असं त्यांनी सगळ्यांच्या समोर सांगितलं. कुणी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. निघताना प्रिया त्यांच्या गळ्यात पडून रडली. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. वॉर्डात सतीशने सांगितलं. मी त्या दिवशी बाहेर बाकावर होते, दार उघडं होतं. त्याचा आवाज ऐकू आला, "आपल्या तांबे मॅडम काल दुपारी गेल्या. घरी गेल्या, काकांच्या जवळ." पुढे तो काहीतरी बोलला, पण ते मला नीट ऐकू आलं नाही.

त्याआधीच्या रविवारी मी त्यांना भेटायला चारकोपला गेले होते. दार लोटलेलं होतं. मी ते जरा ढकलून हाक मारणार तेवढ्यात थांबले. आतल्या खोलीत मॅडम पलंगावर टेकून बसल्या होत्या, पाठीशी दोन उश्या. केस मोकळे सोडलेले. इतके लांब असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. तांबेकाका मागे बसून कंगव्याने ते विंचरत होते. आयुष्यात पहिल्यांदाच करत असावेत. एका हातात बट धरायची, खालून गुंता सोडवायचा, मग वरून कंगवा. जमत नव्हतं, पण घाई नव्हती.

"ओढू नका हो," मॅडम म्हणाल्या.

"नाही ओढत."

"भांग मधे आलाय का?"

काका पलंगावरून उठले, समोर आले, थोडं वाकून नीट बघितलं. "जरा डावीकडे गेलाय," म्हणाले आणि परत मागे जाऊन त्यांनी सगळे केस पुन्हा मोकळे केले.

मी चपला न काढताच जिना उतरले.